मुद्देमाल

सेमिनरी हिल्सच्या उतारावर आमची कचेरी.
तळमजल्याच्या मागल्या खोलीची किल्ली
नऊ वर्षं माझ्या कमरेला.
खिडकी नाही. पंखा आहे.
तो लावला की पोत्यातले खवले
आपापसात हलतात,
कुणी सुपात उडीद घोळवावेत तसे.

नोंद एकशे चौदा.
खवल्या मांजराचे खवले, अकरा किलो.
इतवारी स्टेशनच्या फलाटावर
चिवड्याच्या डब्यांखाली सापडले.
"तीन-चार जनावरं असावीत," साहेब म्हणाले.
असावीत.
मी हा शब्द तसाच लिहून घेतला
आणि मग बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले.

नियम वजनाचा आहे, तरी मी मोजले.
पाचशे त्र्याऐंशी.
एकावर अजून मुंगी चिकटलेली होती, वाळलेली.
तिची नोंद कुठल्या रकान्यात करायची
कळलं नाही.

नोंद एकशे तीस. शिकंजा, लोखंडी, दात चौदा.
घडवणाऱ्याचा हात चांगला असणार.
एका दाताला पिवळा केस आहे.

नोंद एकशे छत्तीस. हत्थाजोडी, नग सव्वीस,
सीताबर्डीच्या फुटपाथवरून, शेंदरात बुडवलेल्या.
मुळी म्हणून विकतात. मुळी नव्हे,
नर घोरपडीचा अवयव तो, कापून वाळवलेला.
घरात लक्ष्मी येते म्हणे.
सत्ताविसावी माझ्या सासूच्या देव्हाऱ्यात होती,
चांदीच्या डबीत, रोज हळदीकुंकू.
ती मी एका सोमवारी पर्समधून आणली
आणि पोत्यात टाकली.
रजिस्टरात नग सव्वीसच आहेत.

महिन्यातून एकदा टेकाम येतो,
बुधराम टेकाम, वनरक्षक, बीट क्रमांक सात,
एसटीतून उतरून थेट,
खांद्यावर तारेची वेटोळी.
रानडुकरासाठी लावलेली, विजेची,
आणि तिला डुक्कर कोण, सांबर कोण कळत नाही.
तो पाणी पितो, सही करतो, मग म्हणतो,
"तार कापता येते मॅडम.
त्या मशीनले काय कापू जी?"

मशीन म्हणजे टेकडीपलीकडची.
कोळसा.
दुपारी दोनला सुरुंग उडतो
तेव्हा मोर ओरडतात, तो सांगतो,
ढग आले समजून.

दुसऱ्या मजल्यावर माणसं कमी आहेत,
म्हणून मंगळवारी आवक शिक्के मीच मारते.
तिथे त्याच टेकडीची फाइल आली.
जाड, दोन दोऱ्यांनी बांधलेली.
वनजमीन वळती करणे, तीनशे बारा हेक्टर.
पान एकेचाळीस,
रकाना: वन्यप्राण्यांचा वावर.
उत्तर: क्वचित.

क्वचित.
मी खाली गेले. पंखा लावला.
एकशे चौदाच्या पंचनाम्यात आरोपीचा जबाब आहे,
गिट्टीखदानचा पोरगा, वय एकोणीस,
कुठून आणले विचारल्यावर
त्याने सरळ सांगितलं होतं:
त्याच टेकडीवरून, वारुळांच्या बाजूने,
तिथं लई आहेत.

म्हणजे पोत्यात आहेत
तेव्हा अकरा किलो, पुरावा, कलम, सील.
टेकडीवर आहेत
तेव्हा क्वचित.

मी त्या जबाबाची छायाप्रत काढली.
झेरॉक्सवाल्याने दोन रुपये घेतले.
पान एकेचाळीसला टाचणीने लावली,
उजव्या कोपऱ्यात, दिसेल अशी,
आणि शिक्का मारला: आवक.
हात थोडा थरथरला. शिक्का तिरका बसलाय.

कुणी काही बोललं नाही. फाइल वर गेली,
खाली आली, पुन्हा वर गेली.
खवले जाळायचा आदेश निघालाय,
कोर्टाचा, पुढच्या आठवड्यात, गोरेवाड्याकडे.
नखं जळाल्यासारखा वास येईल,
तो साडीतून दोन दिवस जाणार नाही.
मला ठाऊक आहे.

काल टेकाम आला होता. तार कमी होती या वेळी.
"फाइलचं काही झालं का जी?"

टाचणी अजून आहे, मी सांगितलं.
थोडी गंजलीय,
पण आहे.